पहिल्या हायवाआधी साइटचा नकाशा

खडीचा पहिला हायवा प्लॉटवर येतो. ड्रायव्हर खिडकीतून विचारतो, "कुठं टाकू?" त्या वेळी तिथे जो कोणी उभा असेल तो हाताने जागा दाखवतो आणि मोकळा होतो. शिरूर-दौंड भागातल्या कित्येक साइटची मांडणी अशी हातवाऱ्यावर ठरते. पुढे लाइनआऊट झाले की कळते, ढीग नेमका कोपऱ्यातल्या दोन कॉलमवर बसला आहे. मग जेसीबी बोलवा, ढीग सरकवा. तळची खडी मातीत रुतून वाया जाते, ती वेगळीच.

आर्किटेक्ट इमारतीचा नकाशा देतो, आरसीसी सल्लागार सळईचा तपशील देतो. पण सिमेंट कुठे राहील, मिक्सर कुठे उभा राहील, मजूर कुठे झोपतील आणि आलेली गाडी वळेल कशी, याचा कागद कोणी देत नाही. रांजणगाव एमआयडीसीत कारखाने उभारणाऱ्या मोठ्या कंपन्या त्यासाठी स्वतंत्र माणूस नेमतात, त्यांना सांगण्यासारखे माझ्याकडे काही नाही. सणसवाडी-शिक्रापूरकडे कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या बांधणारा शेतकरी, केडगाव-यवतला रस्त्याकडेला गाळे काढणारा व्यापारी, कुरकुंभला छोटे शेड उभारणारा उद्योजक आणि या सगळ्यांची कामे घेणारा तालुक्यातला ठेकेदार, यांनी मात्र पहिला ट्रक बोलावण्याआधी एक संध्याकाळ या कागदासाठी काढावी. एक सेंटिमीटरला दोन मीटर असे माप धरले, तर दहा गुंठ्यांचा प्लॉट साध्या ए-फोर कागदावर आरामात बसतो.

आधी प्लॉटची हद्द, रस्ता, जमिनीचा उतार, झाडे, विहीर किंवा बोअर आणि डोक्यावरून जाणाऱ्या तारा कागदावर घ्या. मग इमारतीची बाह्यरेषा काढा. तिच्याभोवती परांचीसाठी आणि माणसांच्या वावरासाठी दीड ते दोन मीटरचा पट्टा सोडा. उरली ती तुमची साइट. दहा गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट, ऐकायला भरपूर वाटतात. प्रत्यक्षात इमारत, हा पट्टा आणि पायातून निघालेली माती एवढ्यातच अर्ध्याहून जास्त जागा जाऊ शकते.

आणि नकाशा एक काढून भागत नाही, तीन लागतात. पाया चालू असताना सगळ्यात मोठी अडचण मातीची असते, स्लॅबच्या काळात सळई, सेंट्रिंग आणि काँक्रीटची, गिलावा-फरशीच्या काळात विटा, टाइल्स, रंग आणि चोरीची. पहिल्या टप्प्यात रिकामा वाटणारा कोपरा दुसऱ्या टप्प्यात सळईला लागणार असतो. सिमेंटची खोली, शौचालय, पाण्याची टाकी आणि विजेचा बोर्ड या चार गोष्टींना मात्र तिन्ही नकाशांत एकच जागा द्या, कारण त्या हलवण्याचा खर्च कोणाच्याच अंदाजपत्रकात धरलेला नसतो.

जमीन आणि वारा

भीमा आणि घोड नद्यांच्या काठाला काळी माती खोल आहे. पाणी मिळाले की ती फुगते, वाळली की भेगाळते. पाया मुरमापर्यंत न्यायचा हे सगळ्यांना ठाऊक असते, साइटवरचा रस्ताही त्याच मातीवर आहे हे विसरले जाते. सहा घनमीटर काँक्रीटचेच वजन साडेचौदा टनांच्या आसपास भरते, त्यात ट्रान्झिट मिक्सरचे स्वतःचे वजन मिळवा. एक वळवाची सर पडली की ही गाडी गेटातच रुतते. गेटपासून काँक्रीट उतरवायच्या जागेपर्यंत निदान फूटभर जाडीचे दगड-मुरमाचे भरण पहिल्याच आठवड्यात करून घ्या आणि ते शेवटी पार्किंग होणार असलेल्या भागावरूनच न्या. म्हणजे तो मुरूम पुढे कायमच्या कामाला येतो. गेट सहा मीटर ठेवा. शक्य असेल तर गाडी एका बाजूने आत येऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडावी. ते जमत नसेल तर आत वळायला जागा सोडा, कारण नगर रोडवर किंवा सोलापूर महामार्गावर उलटी गाडी काढणे म्हणजे अपघाताला निमंत्रण.

पायातून निघालेल्या मातीबद्दल दोन गोष्टी. सुटी झाल्यावर ती खड्ड्याच्या मापापेक्षा चांगलीच जास्त जागा खाते, तेव्हा जागा हात राखून ठेवू नका. दुसरे, ती खड्ड्याच्या काठावर रचू नका. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाची सुरक्षा संहिता सांगते की माती काठापासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मे, यांपैकी जे जास्त असेल तितकी दूर हवी. काठावरच्या मातीचे ओझे आणि भेगाळलेली काळी माती एकत्र आली की चर ढासळतो, आणि आत माणूस असतो. शिवाय ही काळी माती जोत्याच्या भरावात वापरू नका, फरशी उचलून धरते. शेतात टाकण्यासाठी ती मागणारे शेजारी या भागात कायम मिळतात. पण माती असो की मुरूम, प्लॉटबाहेर न्यायचा असेल तर आधी तहसील कार्यालयात परवानगी आणि रॉयल्टीची विचारणा करा. वाळूच्या बाबतीत या दोन तालुक्यांचे नाव आधीच बरेच खराब झालेले आहे. पावती नसलेली नदीची वाळू साइटवर सापडली, तर त्रास मालकाला होतो. गाडीवाला केव्हाच निघून गेलेला असतो. क्रश सँड वापरा.

पाऊस इथे कमी, हा पर्जन्यछायेचा पट्टा. म्हणून लोक पुराचा विचारच करत नाहीत. पण दौंडच्या भीमेला पाणी येते ते दौंडच्या पावसाने नव्हे, वर मावळात आणि सह्याद्रीत पडलेल्या पावसाने. खडकवासल्यातून सोडलेले पाणी मुळा-मुठेतून रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, पावसाळ्यात वर्तमानपत्रात रोज छापल्या जाणाऱ्या दौंडच्या विसर्गात ते धरलेले असते. आकाश कोरडे असताना रात्रीतून काठची साइट पाण्यात जाऊ शकते. जलसंपदा विभागाची निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. इमारतीची परवानगी या रेषा पाहून मिळते. मजुरांची पत्र्याची खोली आणि सिमेंटची कोठी मात्र लोक नदीकडच्या सखल कोपऱ्यात टाकतात, 'तात्पुरतीच तर आहे' म्हणून.

वाऱ्याचा विचार आणखी कमी लोक करतात. उन्हाळ्यापासून पावसाळा संपेपर्यंत इथे वारा बहुतेक पश्चिमेकडून वाहतो. तेव्हा क्रश सँड, विटा कापायची जागा, डिझेल आणि शौचालये प्लॉटच्या पूर्व अंगाला, राहण्याच्या खोल्या आणि ऑफिस पश्चिमेला. कुरकुंभला रासायनिक कारखान्यांच्या शेजारी काम असेल तर शेजारच्या कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याला पहिल्याच दिवशी भेटा, त्यांचा भोंगा कसा वाजतो आणि वाजल्यावर कोणत्या दिशेला जायचे हे मजुरांना दाखवून ठेवा. पळायची वाट नकाशावर बाणाने काढलेली असावी.

हजार फुटांच्या स्लॅबचा हिशेब

जागा किती लागेल हे डोळ्याने ठरवू नका, हिशेब सोपा आहे. हजार चौरस फूट, पाच इंच जाडीचा स्लॅब, बीम धरून साधारण १५ घनमीटर काँक्रीट. एक-दीड-तीन प्रमाणाने घनमीटरला आठ बॅगा, म्हणजे १२० बॅगा सिमेंट, सव्वादोन ब्रास वाळू आणि साडेचार ब्रास खडी. त्या खडीला पंधरा बाय पंधरा फूट जागा पुरते. वाळूला त्याच्या निम्मी. दोन ढिगांच्या मध्ये विटांचा गुडघाभर आडोसा घाला आणि तळाला कच्चा काँक्रीटचा थर किंवा निदान दाबलेला मुरूम हवा. मिक्सर या दोन ढिगांच्या तोंडाशी, सिमेंटची खोली मिक्सरपासून दहा-पंधरा पावलांवर. पाट्या वाहणारा बिगारी दिवसभरात किती चालतो हे एकदा मोजून पाहिले, की हे अंतर कमी करण्यासाठी कोणाला सांगावे लागत नाही.

सिमेंटच्या १२० बॅगा दहाच्या थप्पीने रचल्या तर जमिनीवर बारा बॅगांचीच जागा व्यापतात. दहापेक्षा उंच थप्पी लावू नका, खालच्या बॅगांचे गठ्ठे होतात. भारतीय मानक ४०८२ प्रमाणे थप्पी जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटर उंच फळ्यांवर आणि भिंतीपासून लांब हवी. आधी आलेला माल आधी वापरला जावा म्हणून खोलीला समोरासमोर दोन दारे असली तर उत्तम. सप्टेंबरात, आपल्याकडचा परतीचा पाऊस जेव्हा खरा जोर धरतो तेव्हा, जास्त साठा करूच नका.

तासाला पंधरा बॅगा निघाल्या तर हा स्लॅब आठ तासांचा आहे. जेवणाची सुट्टी, व्हायब्रेटर बंद पडणे, वीज जाणे धरून दहा तास. म्हणजे सकाळी सातला सुरुवात झालीच पाहिजे आणि दुसरा व्हायब्रेटर भाड्याने आणून ठेवलाच पाहिजे. दुसरा मिक्सर नसला तरी चालेल, दुसऱ्या व्हायब्रेटरशिवाय स्लॅब सुरू करणारा ठेकेदार मला धाडसी नव्हे, बेफिकीर वाटतो.

तयार काँक्रीट मागवणार असाल तर घड्याळ वेगळे. प्लँटवर भरल्यापासून दोन तासांत गाडी रिकामी व्हावी असा मानकाचा दंडक आहे. नगर रोडवर वाघोली आणि शिक्रापूरच्या चौकांत त्यातला किती वेळ जाईल, हे या रस्त्याने जाणाऱ्याला सांगायला नको. गाड्यांची वेळ ठरवताना कॅलेंडर पुढ्यात घ्या. ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीला पेरणे-कोरेगाव भीमा इथे जयस्तंभाला अभिवादन करायला लाखो लोक येतात, नगर रोडची जड वाहतूक वळवली जाते. आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी यवत, वरवंडवरून जाते, तेव्हा सोलापूर रस्त्याची तीच गत. अंगारकीला रांजणगावचा रस्ता गजबजलेला. गळीत हंगामात पाटस भागात दोन-दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर रांगेत असतात. या दिवसांत स्लॅब ठेवू नका, विटा रचा, सळई कापा, गिलावा करा.

पाणी हा या भागातला सगळ्यात अवघड हिशेब. मिश्रणाला बॅगेमागे २५ लिटर धरले तर तीन हजार लिटर. क्युरिंगसाठी स्लॅबवर आळी बांधून दोन इंच पाणी उभे केले तर एका भरण्यालाच साडेचार हजार लिटरपेक्षा जास्त लागते, आणि एप्रिल-मेच्या उन्हात दिवसाला सेंटिमीटरभर आटले तरी रोज नऊशे लिटरची भर. साध्या सिमेंटला मानकाने किमान सात दिवस क्युरिंग सांगितले आहे, उन्हाळ्यात दहा. फ्लाय ॲश मिसळलेले सिमेंट असेल तर चौदा दिवस पाणी मारावे, आणि दुकानात आज मिळते ते बहुतेक तसलेच असते. हे पाणी टँकरने आणायचे असेल तर टँकरच्या तोंडाशी पोचेल अशा जागी दहा हजार लिटरचा हौद आधी बांधा.

उसाच्या बागायती पट्ट्यात विहिरी-बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी खारवट आहे, कुरकुंभच्या आसपास भूजलाच्या तक्रारी जुन्या आहेत. प्रबलित काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत हवे. नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या, खर्च किरकोळ असतो. चव बरी लागली म्हणून सळईला ते चालेल असे नाही.

सळई बारा मीटरची, म्हणजे चाळीस फूट. तालुक्याच्या दुकानातून ती बहुधा मधून वाकवून येते, तरी सरळ करायला आणि कापायला पन्नास फूट लांब आणि पंधरा फूट रुंद पट्टी मोकळी लागतेच. ही पट्टी इमारतीच्या लांब बाजूला समांतर ठेवा. सळई लाकडी ठोकळ्यांवर ठेवा, जमिनीला टेकवू नका. सेंट्रिंगच्या प्लेटा आणि टेकू यांची जागा अशी हवी की खालच्या मजल्याचे काढलेले सामान बाहेर न आणता थेट वर चढवता येईल. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू सात दिवस, त्याहून मोठ्याचे चौदा दिवस ठेवावे लागतात. एकच संच असलेला ठेकेदार ते लवकर काढायला टपलेला असतो. किती संच आणणार हे करारात लिहून घ्या.

यंत्रे आणि वीज

दोन-तीन मजल्यांच्या कामाला टॉवर क्रेनची गरज नाही. खोदाईला जेसीबी, लोखंडी गर्डर चढवायला एखाद-दोन दिवस हायड्रा, वर सामान न्यायला मिक्सरची लिफ्ट किंवा मिनी लिफ्ट एवढ्यात भागते. हायड्राबाबत एक समजून घ्या. त्यावर चौदा टन लिहिलेले असले तरी ती क्षमता बूम जवळ असतानाची. बूम लांब गेला की ती झपाट्याने उतरते, आणि काळ्या मातीवर एक चाक खचले तर उरलेला भरवसाही संपतो. म्हणून गर्डर आधी कुठे उतरवायचे आणि हायड्रा कुठे उभा राहणार, या दोन्ही जागा एकमेकींना चिकटून आणि मुरमावर. लटकत्या ओझ्याखाली माणूस जाता कामा नये.

हायड्राचा बूम, डंपरची उचललेली बॉडी आणि सळई या तीन गोष्टी तारांना लागतात. ११ हजार व्होल्टच्या वाहिनीपासून इमारत आडवे १.२ मीटर आणि उभे ३.७ मीटर दूर हवी असा नियम आहे. पण तो उभ्या राहिलेल्या इमारतीसाठी, हातात सळई घेऊन फिरणाऱ्या माणसासाठी नव्हे. त्या तारांखाली सळईची पट्टी किंवा वाळूचा ढीग ठेवायचाच नाही, नकाशावर तो भाग लाल पेन्सिलीने रेघाटून टाका. दौंडमध्ये रेल्वेलगत काम असेल तर ओव्हरहेड तार २५ हजार व्होल्टची आहे, आणि रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आतल्या बांधकामाला रेल्वेचे ना-हरकत पत्रही लागते.

शेतात बांधकाम करणारे बरेच जण शेतीपंपाच्या कनेक्शनवर मिक्सर चालवतात. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली हा अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते. शिवाय शेतीची वीज पाळीने येते, स्लॅबच्या मध्यात गेली तर काय करणार? महावितरणकडून तात्पुरते कनेक्शन घ्या. बोर्ड छपराखाली, जमिनीपासून उंच, आणि त्यात ३० मिलिॲम्पिअरचा गळतीरोधक ब्रेकर बसवलेला असावा. ओल्या स्लॅबवर व्हायब्रेटर धरणाऱ्या पोराचा जीव त्या एका डबीवर असतो.

माणसे

शौचालय आधी, पाया नंतर. पंचवीस माणसांमागे एक हे कंत्राटी कामगारांच्या नियमांतले जुने प्रमाण आहे, बायकांसाठी वेगळे. पैसे वाचवून हे टाळले की माणसे उसाच्या कडेला जातात. शिरूर तालुक्यात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांसह माणसे गेली. ऊस तुटायला लागला की बिबटे जागा बदलतात, आणि साइटच्या कुंपणाशी टाकलेले खरकटे कुत्र्यांना, कुत्री बिबट्याला बोलावतात. मजुरांच्या खोल्या उसाच्या बांधापासून जितक्या दूर नेता येतील तितक्या न्या. शौचालय साइटच्या कुंपणाच्या आत आणि रात्रभर दिव्याखाली असावे. खोल्यांभोवतीचे गवत काढून टाका, सापांसाठीही तेच औषध. वन विभागाचा १९२६ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे क्रमांक हिंदीतही लिहून दारावर लावा, कारण राहणारे अनेकदा बिहार-झारखंडचे असतात आणि आपण शिरूरच्या अलीकडे आहोत की पलीकडे हे त्यांना फोनवर सांगता येत नाही. साइटचा पत्ता, जवळची खूण आणि गावाचे नाव त्याच पाटीवर हवे.

पन्नासहून जास्त स्त्रिया कामाला असतील तर पाळणाघर द्यावे असे १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने ठरवले होते. तुमच्याकडे पाचच बायका असतील. मुले तरीही असतातच, आणि ती खेळतात वाळूच्या ढिगावर, गाडी मागे घेताना ड्रायव्हरला न दिसणाऱ्या जागी. पश्चिमेच्या कोपऱ्यात जाळीचे कुंपण घालून सावलीचा एक तुकडा त्यांना द्या, हौदाला झाकण घाला आणि न बुजवलेल्या खड्ड्याला पट्टी नव्हे, आडवे बांबू लावा.

पीएमआरडीएच्या हद्दीत दोन्ही तालुक्यांचा काही भाग येतो, शिरूर आणि दौंड शहरांत नगरपरिषद, औद्योगिक क्षेत्रात एमआयडीसी स्वतः नियोजन प्राधिकरण. परवानगी देणारे कार्यालय कोणतेही असो, बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर मजुरांच्या नावाने तुमच्याकडून घेतला जातो. त्या पैशातले लाभ मात्र नोंदणी झालेल्या मजुरालाच मिळतात, आणि नोंदणीसाठी मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. साइट ऑफिसच्या टेबलावर हजेरीची एक नीट वही ठेवा आणि ज्याचे ९० दिवस भरले त्याला तो दाखला, त्याने मागण्याची वाट न पाहता, सही करून द्या.